जुगाड कोणाला म्हणता?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे पाऊस होता, मग कामाची गडबड, मग नुसताच आळस. पण परवा डोकं असं काही सटकलं की लिहिल्याशिवाय झोप येईना.

झालं असं की आमच्या घरच्या ग्रुपवर एका दादाने फोटो टाकला. खोडदच्या दुर्बिणीची एक तबकडी, मागे निळं आकाश. खाली मजकूर असा की परदेशी लोक असल्या गोष्टींवर पाण्यासारखा पैसा ओततात, आणि आपण तारा ताणून, जाळी बांधून काम भागवलं. देसी जुगाड झिंदाबाद! लगेच टाळ्यांचा पाऊस. आत्याने फुलं पाठवली. भाच्याने तर लिहिलं, "मामा, आपल्या डिशसारखंच!"

त्या 'आपल्या डिश'ची गोष्ट पुढे सांगतो, ती सांगायची लाज वाटते तरी. आधी भांडण.

मी ग्रुपवर एकच ओळ टाकली, की ह्याला जुगाड म्हणणं म्हणजे ज्यांनी ते केलं त्यांच्या तोंडावर चापट मारणं आहे. त्यावर दादा म्हणाला, "अरे, कौतुकच करतोय ना, चिडतोस काय?" मुद्दा नेमका तोच आहे. ह्या कौतुकानेच आपलं वाटोळं केलंय.

नवीन वाचकांसाठी: माझी भरे गावात, घोटवडे फाट्यापासून जवळच, फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. पिरंगुटच्या कारखान्यांची कामं येतात. स्टँड, प्लॅटफॉर्म, शेडचे ट्रस, कधी कन्व्हेयरचा सांगाडा. मी खगोलवाला नाही, पण लोखंड उभं कसं राहतं आणि कसं पडतं एवढं कळतं. म्हणून तबकडीला काय 'दिसतं' हा विषय मी तज्ज्ञांवर सोडतो आणि तिच्या खाली काय आहे त्यावर बोलतो. तिथे कोणी बघतच नाही.

खोडद म्हणजे नारायणगावजवळ, पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. तिथे आणि आसपासच्या शिवारात ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधोमध दाटीने आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. जीएमआरटी म्हणतात ते हेच. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे जत्रा असते, शाळांच्या बसच्या बस येतात. मी दोनदा गेलोय. पोरं वर तबकडीकडे बघत होती आणि मी खाली बेअरिंगकडे.

४५ मीटर म्हणजे किती ते बघा. तबकडीचं तोंड सुमारे १,५९० चौरस मीटर. जवळजवळ ४० गुंठ्यांचा एकर असतो ना, तर त्याच्या पाव भागाहून मोठं हे शेत. ते उचलून १५ मीटर उंच काँक्रीटच्या मनोऱ्यावर ठेवायचं, आणि नुसतं ठेवायचं नाही, फिरवायचं. पृथ्वी फिरते म्हणून तारा सरकतो, त्याच्यामागे तासन्‌तास, धक्का न देता. आणि आपल्याकडे वारा आहे. जुन्नर-नारायणगावचा वळीव ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको.

हे डिझाइन ताशी १३३ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकावं असं केलेलं आहे. आता माझा शेडमधला कच्चा हिशोब. एवढ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ८० किलो. तबकडी पत्र्याची, भरीव असती आणि वाऱ्याच्या तोंडी सापडली असती, तर १,५९० गुणिले ८० म्हणजे सव्वाशे टनांहून जास्त. आडवा धक्का, पंधरा मीटरच्या वर! तो सोसायला मनोरा किती जाड, बेअरिंग केवढं, मोटरी केवढ्या, पाया केवढा? आणि हे तीस वेळा करायचं. त्या पैशात तीस कसल्या, फार तर चार-पाच झाल्या असत्या (हा आकडा माझा अंदाज, भांडू नका).

इथे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या मंडळींनी जो विचार केला, तो मला दर वेळी नव्याने आवडतो. त्यांनी लोखंड कसं वाचवायचं इथून सुरुवात केली नाही. लाट केवढी आहे, इथून केली. ही दुर्बीण मीटरच्या आसपासच्या लाटा पकडायला आहे. तिच्या मूळ कामातली सगळ्यात आखूड लाट हायड्रोजनची, २१ सेंटिमीटरची. लाटेच्या मानाने भोक पुरेसं लहान असलं की लाटेला ते भोक दिसतच नाही, तिला जाळी आणि पत्रा सारखेच. वाऱ्याला मात्र भोक दिसतं. लाट अडते, वारा निघून जातो. झालं.

म्हणून जाळी. स्टेनलेस स्टीलची ०.५५ मिलिमीटर जाडीची तार, मधल्या भागात १० मिलिमीटरची घरं, बाहेर जाताजाता २० ची. हिशोब करून बघा, दहाच्या घराला दोन्ही दिशांच्या तारा धरून सुमारे ११ टक्के जागा भरते, वीसच्या घराला साडेपाच. सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ९३ टक्के तबकडी ही हवा आहे! मधे बारीक आणि कडेला मोठं घर हेसुद्धा उगाच नाही. आखूड लाटांना मधला भाग नीट हवा, आणि कडेला वाऱ्याचा रेटा कमी हवा.

आता जाळी लोंबकळणार, तिला आकार कोण देणार? त्यासाठी १६ पॅराबोलिक चौकटी, मधल्या हबपासून बाहेर गेलेल्या, नळ्यांच्या. दोन चौकटींच्या मधे स्टीलच्या दोऱ्यांचे ट्रस ताणलेले आणि त्यांच्यावर जाळी बांधलेली. ज्यांच्या घरी बाज होती त्यांना लगेच कळेल, लाकूड चौकटीपुरतं आणि बाकी सगळा काथ्याचा ताण. अर्थात बाजेला आणि ह्याला एका मापाने तोलू नका, इथे प्रत्येक दोरीचा ताण ठरवलेला आहे, कारण तबकडी वाकली, फिरली तरी आकार साधारण सेंटिमीटरच्या आत राहायला हवा. ह्या रचनेचं इंग्रजी नाव स्ट्रेच्ड मेश अटॅच्ड टू रोप ट्रसेस, आद्याक्षरं जोडून स्मार्ट. नाव ठेवणारा खुशीत असणार. :)

परिणाम काय? ४५ मीटरच्या ह्या तबकडीवर वाऱ्याचा जोर आणि पीळ येतो तो नेहमीच्या पद्धतीच्या २२ मीटरच्या तबकडीएवढा. म्हणजे खालच्या माउंटला अर्ध्याच व्यासाची तबकडी सांभाळायची आहे. मग तिचं वजन ८० टनांच्या आसपास राहतं, समतोलाला ३५-४० टन. दोन एलेव्हेशन बेअरिंगवर पाळणा, ती बेअरिंगं योकवर, आणि योक ३.६ मीटर व्यासाच्या एका स्लूइंग रिंगवर. मोठ्या क्रेनच्या बुडाशी असते तसली, बोल्टने मनोऱ्याच्या डोक्यावर बसवलेली. ती रिंग मी बराच वेळ बघत उभा होतो. शेवटी सुरक्षारक्षकाने "काका, पुढे चला" म्हणून हाकललं.

आता सांगा, ह्यात जुगाड कुठे आहे?

जुगाड म्हणजे काय ते मी सांगतो, कारण मी तो केलाय. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हायड्रोजनची रेषा पकडायची होती. केबलवाल्याची जुनी १२ फुटी डिश भंगारात मिळाली. जाळी गंजली होती, ती काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश बसवली. मग माउंट. "मामा, फिरायला पाहिजे, आणि वर-खाली पण." मामाला काय, चेव आला. टेम्पोचा जुना हब घेतला, तो आडवं फिरायला. वर-खाली करायला जॅक. उभा सहा इंची पाइप, खाली बेस प्लेट, चार गसेट, आणि शेडच्या स्लॅबमधे चार अँकर बोल्ट. एका रविवारी काम फत्ते. वजनाचा विचार केला होता, हब चारपट सोसेल असं मीच म्हणालो. ड्रॉइंग? कसलं ड्रॉइंग! खडूने फरशीवर.

मेचा महिना. रंग दिला, आणि संध्याकाळी ढग भरून आले. ओला रंग धुऊन जाऊ नये म्हणून मी भाच्याला म्हणालो, "ताडपत्री टाक त्याच्यावर, आणि घट्ट बांध."

वाचकहो, ज्या जाळीने वारा सोडायचा तीच मी स्वतःच्या तोंडाने बंद करायला सांगितली. वाऱ्याचा वेग ताशी ७० धरला तर बारा फुटी झाकलेल्या डिशवर अडीचशे किलोच्या आसपास आडवा धक्का येतो. उघडी जाळी असती तर चौकटीसकट पन्नासेक किलो. हे गणित मी नंतर केलं. आधी केलं असतं तर दहा मिनिटं लागली असती. दोन बोल्ट स्लॅबमधून उपटले, एका गसेटचं वेल्डिंग उकललं आणि अख्खं प्रकरण पाइपासकट खाली अंगणात. ताई पाच मिनिटांपूर्वी तिथे वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने आवाज ऐकला तेव्हा तिच्या हातात ते कपडेच होते. त्या दिवसापासून ती मला काही म्हणाली नाही, हे जास्त लागतं.

तर भाचेबुवा, "आपल्या डिशसारखंच" नाही. आपली होती जुगाड, आणि ती पडली.

दोन्हींत जाळी, दोन्ही स्वस्तातल्या. पण त्यांना माहीत होतं की आपली वस्तू कुठपर्यंत चालते आणि कुठे थांबते. वारा ताशी २० किलोमीटरच्या खाली असेल तर तबकडीचा नेम एका आर्कमिनिटाच्या आसपास राहतो, वर गेला की चूक वाढून काही आर्कमिनिटं होते, हे लिहून ठेवलेलं आहे. २१ सेंटिमीटरच्या लाटेवर ह्या तबकडीची नजर साधारण २४ आर्कमिनिटांची, पौर्णिमेच्या चंद्राहून थोडी लहान, त्यामुळे एवढी चूक खपते. लांब लाटांना तर नजर आणखी रुंद. ती १७ अंशांखाली वाकत नाही, हेही ठरवलेलं. मिलिमीटरच्या लाटांना ही जाळी कुचकामी, हेही कबूल. काय सोडायचं ते आधी ठरवलं आणि मग सोडलं. मी काय सोडलं होतं ते मला बोल्ट उपटल्यावर कळलं.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर दादा म्हणेल सोयीचं तेवढं लिहितो. स्वरूपांच्या कामात काटकसर आणि जुनं सामान होतंच. १९६५ मधे कल्याणला जी पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली तिच्या ३२ तबकड्या, सहा सहा फुटांच्या, सिडनीजवळ वापरून झालेल्या होत्या. ऑस्ट्रेलियाने त्या भेट म्हणून दिल्या. मग हा जुगाड नाही का? माझ्या मते नाही. जुनी वस्तू वापरणं हा जुगाड नव्हे, तिच्यावर किती भार येणार ते न बघता वापरणं हा जुगाड. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकची ७६ मीटरची दुर्बीण १९५७ ची. तिला वर-खाली करायला रॉयल सॉव्हरिन आणि रिव्हेंज ह्या मोडीत काढलेल्या युद्धनौकांच्या तोफांच्या बुरुजांमधले दंतचक्रांचे पट्टे वापरले. अमेरिकेत ग्रोट रेबरने १९३७ मधे घराच्या परसात जवळजवळ साडेनऊ मीटरची तबकडी बांधली, तीही मोटारीचे सुटे भाग घालून. त्यांना कोणी जुगाड म्हणत नाही, पायोनियर म्हणतात. हाच शब्द आपल्या माणसांना लावताना आपली जीभ का अडखळते?

आणि उटी! १९७० ची उटीची दुर्बीण म्हणजे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद पन्हळ. ती अशा डोंगरउतारावर आहे जिथला उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढाच, सुमारे ११ अंश. त्यामुळे पन्हळीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. तारा धरून ठेवायला एकाच अक्षाभोवती हळूहळू फिरवायचं, की साडेनऊ तास तो हातात. डोंगर हाच माउंट. दुसऱ्या अक्षाचं लोखंड निसर्गाकडून फुकट घेतलं, पण त्यासाठी तसा डोंगर शोधावा लागला, आणि शोधायला तो अंश आधी माहीत असावा लागला. खोडदला तीस तबकड्यांना तीस डोंगर कुठून आणणार? म्हणून तिथे दोन अक्ष, एक गोल फिरायला आणि एक मान वर-खाली करायला, आणि दोन्हींचा मेळ संगणकाकडे. मोटरी आणि त्यांच्या नियंत्रणाचं काम भाभा अणुसंशोधन केंद्राने केलं. प्रश्न तोच, जागा बदलली म्हणून उत्तर बदललं.

स्वस्त आणि पडकं ह्यांचं उदाहरण बाहेरही आहे, फक्त आमच्या भऱ्यात नाही. अमेरिकेत ग्रीन बँकला ३०० फुटी तबकडी होती, १९६२ ची, थोड्या पैशात आणि घाईत बांधलेली, काही वर्षंच चालवायची म्हणून. ती चांगली चालली, म्हणून चालवतच राहिले. १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ती कोसळली. कारण, एक गसेट प्लेट तुटली. एक! सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ते वाचल्यापासून माझ्या शेडमधे गसेटकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

उलट जर्मनीतली एफेल्सबर्गची १०० मीटरची बघा, १९७२ पासून चालू. वजन ३,२०० टन. एवढं लोखंड वाकणारच. तिथे फॉन होर्नर ह्या गृहस्थांची कल्पना वापरली की वाकू दे, पण असं वाकू दे की वाकल्यावरही आकार पॅराबोलाच राहील, फक्त केंद्रबिंदू सरकेल. मग रिसीव्हर तेवढा सरकवायचा. एका ठिकाणी वाकण्याला शिस्त लावली, दुसऱ्या ठिकाणी वाऱ्याला वाट दिली. गंमत म्हणून मी बेरीज केली. खोडदच्या तीसही तबकड्यांचं फिरतं वजन समतोलाच्या वजनासकट साडेतीन हजार टनांच्या आसपास, म्हणजे एका एफेल्सबर्गपेक्षा थोडंच जास्त, आणि क्षेत्रफळ सहापट. (ही तुलना अर्धीच खरी, हे सांगायला हवं. एफेल्सबर्ग मिलिमीटरच्या लाटांपर्यंत काम करते, तिथे आपली जाळी चाळणीसारखी गळेल. पण मीटरच्या लाटा हव्या असतील तर ते जादाचं लोखंड कशाला?)

२०१९ मधे जीएमआरटीचं नूतनीकरण पूर्ण झालं. रिसीव्हर बदलले, इलेक्ट्रॉनिक्स बदललं. तबकड्या, मनोरे, त्या दोऱ्या मात्र त्याच पिढीच्या. २०१६ मधे मंगळावर उतरणाऱ्या स्कियापरेली यानाचा क्षीण आवाज ह्याच तबकड्यांनी ऐकला. २०२० मधे आयईईई ह्या जगभरच्या इंजिनिअरांच्या संस्थेने जीएमआरटीला माइलस्टोनचा मान दिला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप गेले.

मी इतका का चिडलो, ते आता सांगतो. आमच्या धंद्यात 'जुगाड' ह्या शब्दाला भाव आहे, तो असा. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं, नाव-गाव सोडा. छतावर जड वस्तू बसवायची होती, तिला फिरता स्टँड हवा. मी म्हणालो, आधी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वाऱ्याचा हिशोब करून घेऊ, त्याची फी इतकी. तो हसला. "अहो, डिझाइनचे पैसे कसले? लोखंडाचे घ्या, वेल्डिंगचे घ्या. बाकी तुम्ही बसवाल काहीतरी. आपण भारतीय, जुगाडात एक नंबर!" मी काम सोडलं. त्याने ते दुसऱ्याकडून करून घेतलं असणार. त्या छताखालून मी जात नाही.

लोखंडाचे पैसे द्यायला आपण तयार, कारण ते तोलता येतं. पण खोडदला जे वाचलं ते लोखंड कोणीतरी कागदावर वाचवलं, आणि त्या कागदाला आपण किंमत शून्य लावतो. वरून त्याच लोकांचा फोटो टाकून म्हणतो की बघा, कागदाशिवाय जमवलं! दादा, तुझ्या फॉरवर्डने मला राग आला तो ह्यामुळे. तुझ्यामुळे नाही.

असो. भाच्याने प्रोजेक्टचं नाव 'देसी जुगाड टेलिस्कोप' ठेवलं होतं, ते बदललंय. आता पाइपऐवजी तीन पायांचा सांगाडा, समतोलाला मागे वजन, आणि वारा सुटला की डिश आकाशाकडे तोंड करून उभी करायची सोय. ताडपत्रीला बंदी. बेस प्लेट मी कापून ठेवली आहे, १६ मिलिमीटरची. बोल्टांचं गणित त्याने अजून पाठवलेलं नाही, तोवर मी भोकं पाडणार नाही. ताईलाही तसं सांगितलंय. ती म्हणाली, "बरं."